शहर आलं बांधाला, शेतकऱ्यांनो जागे राहा!

विकास आराखडा, पट्टे, आरक्षण आणि मावेजा : जालन्याभोवतीच्या गावांनी काय पाहावं?

‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. पूर्वी ती बाजारपेठेवरून म्हणत. आता शहराच्या चारी अंगांच्या शेतकऱ्यांना ती जमिनीच्या भावावरून आठवते. पण पाळणा सोन्याचा असला तरी त्यात झोपायचं नसतं, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शेतकरी झोपला की त्याच्या रानाचं काय करायचं, हे दुसराच कोणी ठरवून मोकळा होतो.

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना, एवढंच एकेकाळी हे गाव होतं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि जालन्याचं नाव बियाण्यांसाठी देशभर झालं. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, लोखंडी सळयांचे कारखाने वाढले. २५ डिसेंबर २०१५ रोजी दरेगाव-जवसगाव शिवारात ड्रायपोर्टचं भूमिपूजन झालं. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. पाठोपाठ २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. राज्यातली ती २९ वी. तेव्हापासून प्रशासकाच्या हाती असलेल्या या महापालिकेची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली.

या सगळ्याचा शेतीशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध सरळ आहे. शहर वाढतं ते हवेत वाढत नाही, कोणाच्या तरी गट नंबरावर वाढतं. कोणत्या गटात वस्ती होणार, कोणत्या गटातून रस्ता जाणार आणि कोणता गट शेतीच राहणार, हे नकाशावरच्या रंगानं ठरतं.

पिवळा, हिरवा आणि आरक्षण

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार होतो. त्यात राहण्यासाठीचा भाग पिवळा आणि शेतीचा भाग हिरवा दाखवतात. कारखान्यांचा, व्यापाराचा रंग वेगळा. आपल्या लोकांच्या तोंडी ‘यलो झोन’ आणि ‘ग्रीन झोन’ हे शब्द आता ‘खरीप-रब्बी’सारखे बसले आहेत.

बांधाला बांध लागून दोन शेतं. माती एकच, विहिरीचं पाणी एकच. एक पिवळ्यात गेलं, दुसरं हिरव्यात राहिलं. पहिल्याचा भाव गुंठ्यावर बोलतात, दुसऱ्याचा एकरावर. तिसरा गट त्याहून अवघड जागी असतो. त्यावर बगीचा, शाळा, क्रीडांगण किंवा रस्त्याचं आरक्षण पडतं. त्याला धड बांधता येत नाही, गिऱ्हाईक मिळत नाही आणि मावेजाचा पत्ता नसतो.

म्हणून आराखड्याच्या मुदती पाठ पाहिजेत. प्रारूप आराखडा राजपत्रात प्रसिद्ध झाला की कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. हरकत लेखीच द्यावी लागते. पारावर बसून आरडाओरड केली तर ती कुठंच नोंदली जात नाही. हरकत दिली की नियोजन समितीपुढं सुनावणी होते, तिथं जाऊन म्हणणं मांडता येतं. पुढं आराखडा शासनाकडं जातो. शासनानं त्यात मोठे बदल सुचवले तर पुन्हा नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. आराखडा मंजूर झाल्यावरही एखाद्या जागेचा वापर बदलायचा तर कलम ३७ खाली फेरबदलाची जाहीर नोटीस निघते. ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापून येते. भाव पाहायला पेपर उघडता, तसा तो कोपराही वाचत जा.

आरक्षण पडलं म्हणजे रान कायमचं गेलं, असंही नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकाला कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. पण ही नोटीस मालकालाच द्यावी लागते. आपोआप काही होत नाही.

शेजारच्या शहराचा धडा

आपल्यापासून तासाभरावर छत्रपती संभाजीनगर आहे. तिथं शहराभोवतीच्या २८ गावांचं ‘झालर क्षेत्र’ करून नियोजन सिडकोकडं दिलं गेलं. आरक्षणं कोणाच्या रानात पडली आणि कोणाची वाचली, यावरून तिथं वर्षानुवर्षं वाद झाले. सातारा-देवळाईची २०१४ मध्ये नगरपरिषद झाली आणि वर्ष पुरं होतं न होतं तोच २०१५ मध्ये ती महापालिकेत गेली. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणाऱ्या माणसानं एवढ्या थोड्या काळात तीन कार्यालयं पाहिली.

त्या महापालिकेच्या वाढीव हद्दीचा आराखडाही गाजला. सर्वसाधारण सभेनं केलेल्या बदलांवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१६ मध्ये खंडपीठानं तो आराखडा रद्द केला. पुढं सर्वोच्च न्यायालय झालं. नवा प्रारूप आराखडा यायला मार्च २०२४ उजाडलं. एवढी वर्षं ज्याचं रान टांगणीला राहिलं, त्यानं विहीर खोदावी की फळबाग लावावी? बँकेनं कर्ज कशावर द्यावं? राजकारणी माणसाची पाच वर्षं जातात, शेतकऱ्याची अख्खी पिढी जाते. जालन्यात ही वेळ येऊ नये, तर सावध व्हायची वेळ आताच आहे.

हद्दीत गेलो तर मावेजा घटतो का?

हा प्रश्न गावोगाव विचारला जातो, म्हणून हिशेब नीट मांडतो. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात बाजारभावाला एका गुणांकानं गुणतात आणि येणाऱ्या रकमेइतकंच दिलासा रक्कम म्हणून वर देतात. शहरी हद्दीत गुणांक १ आहे. ग्रामीण भागात तो १ ते २ पर्यंत असतो.

समजा एकरी बाजारभाव २० लाख धरला. शहरी हद्दीत २० लाख आणि दिलासा २० लाख, मिळून ४० लाख. ग्रामीण भागात गुणांक २ लागला तर ४० लाख आणि दिलासा ४० लाख, मिळून ८० लाख. रान तेच, फरक दुपटीचा. कोणत्या प्रकल्पाला कोणता गुणांक, हे शासन ठरवतं, म्हणून भूसंपादन कार्यालयात आधी विचारून घ्या. आणि हद्दवाढीची अधिसूचना निघते तेव्हा ग्रामसभेनं हा हिशेब समोर ठेवूनच ठराव घ्यावा.

दुसरी गोम खरेदीखतात आहे. बाजारभाव काढताना मागच्या ३ वर्षांतली आसपासची खरेदीखतं पाहतात. मुद्रांक वाचवायला आपण व्यवहार ३० लाखांचा करतो आणि कागदावर ८ लाख लिहितो. मग संपादनाच्या वेळी तोच ८ लाखांचा कागद आपल्यासमोर, शेजाऱ्यासमोर आणि भाऊबंदासमोर येतो. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाच्या वेळी मावेजाच्या दरावरून शेतकऱ्यांना आंदोलनं करावी लागली. दराचं भांडण सोपं नसतं, म्हणून कागद आधीच खरा ठेवा.

गुंठ्यानं विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी

हिरव्या पट्ट्यातलं रान चुन्याच्या फक्की मारून गुंठ्या-गुंठ्यानं विकायचा धंदा शहराच्या सगळ्या रस्त्यांवर दिसतो. शंभराच्या बाँडवर नोटरी करून दिलेला प्लॉट म्हणजे मालकी नव्हे. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये शासनानं जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले रहिवासी भागातले तुकडे नियमित करण्यासाठी २०२५ मध्ये अध्यादेश निघाला. पण ही सवलत मागच्या व्यवहारांना आहे. उद्याच्या व्यवहाराला ती लागू होईल, असं कोणी एजंट सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

जमीन महसूल अधिनियमातलं कलम ४२-ड मात्र कामाचं आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रूपांतरण कर भरून रहिवासी वापराला घेता येते. पोरांना घरं बांधायची असतील तर तहसीलमध्ये याची चौकशी करा. जमीन वर्ग-२ ची असेल, इनामी असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पाऊल उचलू नका.

आयकराचंही लक्षात असू द्या. शेतजमीन विकली की कर नाही, ही समजूत शहराजवळ चालत नाही. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. एवढ्या मोठ्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतली जमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर बसतो. त्या पैशातून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट मिळू शकते. विक्रीआधी जाणकाराला विचारा.

विकायचंच असेल तर

आमचं काम पिकाचा सल्ला देण्याचं. रान विकू नका, असं सांगायचा अधिकार आम्हाला नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, घरात लग्न आहे, त्याची अडचण त्यालाच ठाऊक. पण एकेकट्यानं विकण्यापेक्षा दुसरी वाट आहे. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली. सतीश मगर यांच्या पुढाकारानं त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि बिल्डरला रान विकण्याऐवजी स्वतःच नगर वसवलं. जमिनीच्या हिश्शाप्रमाणे ते भागीदार झाले. पुण्याची मागणी जालन्याला नाही, हे खरं. पण वीस-पंचवीस खातेदार एका विचारानं बसले तर रस्ता, नाली आणि भाव, तिन्हीवर त्यांचा शब्द राहतो.

ज्याला शेती ठेवायची आहे त्याचीही बाजू आहे. शेजारी प्लॉटिंग झालं की पहिली भिंत नालीवर येते. पावसाचं पाणी आपल्या मोसंबीत तुंबतं आणि डिंक्या लागतो. वहिवाटीचा गाडीरस्ता तारेनं बंद होतो. अडवलेला रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह मोकळा करून घ्यायला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडं सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. उशीर झाला तर ती वाट बंद होते.

शहरालाही एक सांगणं आहे. घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव आजही शहराला पाणी देतो. २०१२-१३ च्या दुष्काळात या शहरानं टँकरची वाट पाहिली आहे. तलावाच्या पाणलोटातलं रान हिरवं राहिलं तर तलावात पाणी येईल, तिथं काँक्रीट झालं तर गाळ आणि गटार येईल. म्हणून हिरवा पट्टा म्हणजे शेतकऱ्यावर लादलेली शिक्षा होऊ नये. तो शहराच्या पाण्यासाठी राखायचा तर त्या शेतकऱ्याला वीज, रस्ता आणि भाजीपाल्याला हक्काची बाजारपेठ मिळाली पाहिजे. नव्या नगरसेवकांपुढं ही मागणी ठेवायला हरकत नाही.

एवढं जरूर करा

१) आपला सातबारा, ८-अ आणि गटाचा नकाशा ताजा काढून ठेवा. वारसाचे फेरफार राहिले असतील तर आधी ते करून घ्या.

२) नगररचना कार्यालयातून आपल्या गटाचा झोन दाखला लेखी घ्या. तोंडी माहितीवर इसार घेऊ नका, देऊ नका.

३) विहीर, बोअर, फळझाडं, पाइपलाइन आणि गोठा यांची नोंद सातबाऱ्यावर आहे का पाहा. नोंद नसेल तर मावेजाच्या वेळी अडचण येऊ शकते.

४) ग्रामसेवक व सरपंचांनी आराखड्याची आणि हद्दवाढीची प्रत्येक नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, दवंडी द्यावी.

५) हरकत दिली की पोच घ्या. सुनावणीला चार जणांनी मिळून जा.

पेरणीची वेळ हुकली तर दुबार पेरणी तरी करता येते. हरकतीचे ३० दिवस हुकले तर तीही सोय राहत नाही. म्हणून नोटीस निघाली की त्याच आठवड्यात ग्रामसभा बोलवा.