शेतातील कॅमेरा मोबाईलवर दिसत नाही? आधी दोष कुठे आहे ते ओळखा

डाळिंब काढणीला आले, की बागेत राखण लागतेच. अलीकडे मोटर खोलीच्या भिंतीवर कॅमेरा लावून गावातल्या घरातून बाग पाहणारे शेतकरी वाढले आहेत. बसवणारा कारागीर पहिल्या दिवशी मोबाईलवर चित्र दाखवून जातो. अडचण येते ती नंतर, आणि बहुधा रात्री. पिकाच्या सल्ल्यासाठी मला येणाऱ्या फोनमध्ये आता ‘साहेब, कॅमेरा दिसत नाही’ हाही एक प्रश्न असतो.

अशा वेळी अॅप काढून पुन्हा टाकण्याची किंवा कॅमेरा रीसेट करण्याची घाई करू नये. आधी शेतात जाऊन मोबाईल डेटा बंद करावा, फोन राउटरच्या वाय-फायला जोडावा आणि अॅप उघडावे. तिथे चित्र दिसले तर कॅमेरा ठीक आहे. दोष इंटरनेटच्या बाजूला आहे. तिथेही दिसत नसेल, तर वीज, केबल किंवा वाय-फाय तपासावे. सिमकार्ड थेट कॅमेऱ्यात असेल, तर ते फोनमध्ये घालून इंटरनेट चालते का ते पाहावे.

दिवसा चालतो, रात्री बंद पडतो

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि बहुतेक वेळा नेटवर्कला उगाच दोष दिला जातो. अंधार पडला की कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त करंट लागतो. अडॅप्टर मोटर खोलीत आणि कॅमेरा लांब खांबावर असेल, तर मधल्या बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडते. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ४० मीटर नेली, तर १ अँपिअर करंटला जवळपास ३ व्होल्टची घट येते. १२ व्होल्टचा कॅमेरा ९ व्होल्टवर येतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो, दिवे लागले की पुन्हा बंद. एका बागायतदाराने याच कारणासाठी दोन वेळा सिम बदलले होते! रात्री, दिवे लागलेले असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. कमी भरले तर जाड वायर टाकावी किंवा पेटीत बंद करून अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ न्यावा. नवीन बसवताना नेटवर्क केबलमधूनच वीज देणारी पद्धत (पीओई) चांगली. तिची मर्यादा १०० मीटर आहे.

कॅमेरा सुरू आहे, पण रात्रीचे चित्र पांढरे धुरकट दिसते, तर काचेवर कोळ्याचे जाळे किंवा फवारणीचा थर असतो. बोर्डो मिश्रणाचे डाग ओल्या मऊ कापडाने पुसावेत. पुढच्या फवारणीआधी कॅमेऱ्यावर पिशवी बांधावी, आणि ती आठवणीने काढावी.

जवळून दिसतो, घरून दिसत नाही

आधी रिचार्ज पाहावे. मुख्य चित्र ४ एमबीपीएसवर असेल, तर तासाभरात सुमारे १.८ जीबी डेटा जातो. रोज १.५ जीबीचा प्लॅन तासाच्या आत संपतो आणि मग चित्र फिरत्या चक्रावर अडकते. अॅपमध्ये ‘सब स्ट्रीम’ किंवा ‘एसडी’ निवडावे. ५१२ केबीपीएसला तासाला साधारण २३० एमबी पुरतात. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर ठेवावे, घरी फक्त पाहावे.

काही कारागीर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून देतात. सिमच्या इंटरनेटवर ते सहसा चालत नाही, कारण कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. राउटरच्या पानावर वॅन पत्ता १० ने सुरू होत असेल, किंवा १०० नंतर ६४ ते १२७ मधला आकडा असेल, तर पोर्टवर वेळ घालवू नये. कॅमेऱ्यावरील क्यूआर कोड स्कॅन करून क्लाउड सेवेतूनच जोडावा. उघडे पोर्ट आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड म्हणजे तुमच्याआधी दुसराच कोणी बाग पाहील. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

चित्र काळे, बाकी सगळे सुरू

अॅपमध्ये कॅमेरा ऑनलाइन आहे, पण संगणकावर किंवा जुन्या फोनवर पडदा काळा राहतो, तर व्हिडिओ एच.२६५ प्रकारात असण्याची शक्यता असते. सेटिंगमध्ये एच.२६४ करून पाहावे. डेटा थोडा वाढतो, चित्र मात्र येते.

वाय-फाय कॅमेऱ्याबाबत एक गोष्ट कारागिराला माहीत नसते, आपल्याला असते: पीक वाढते. छाटणीनंतर मोकळ्या बागेत किंवा उसाच्या लागणीवेळी सिग्नल छान येतो. ऊस डोक्याच्या वर गेला, की पानांतले पाणी तोच सिग्नल शोषते. राउटरचा अँटेना पिकाच्या उंचीच्या वर, कॅमेरा थेट दिसेल असा बांधावा.

वीज जाऊन आल्यावर कॅमेऱ्याची तारीखही तपासावी. काही कॅमेरे १९७० किंवा २००० सालात जातात. मग चोरीच्या रात्रीचे रेकॉर्डिंग कार्डवर असूनही शोधताना सापडत नाही. सेटिंगमध्ये एनटीपी सुरू करून वेळ भारतीय, म्हणजे +५:३०, ठेवावी.