पेन ड्राइव्ह टीव्हीवर का चालत नाही?

लग्नाचा व्हिडिओ मोबाइलवर छान दिसतो. तोच पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावला, आजी-आजोबा समोर बसले, की टीव्ही म्हणतो, ‘फॉरमॅट चालत नाही’. टीव्ही बिघडलेला नसतो.

जयपूरला सी-स्कीममध्ये राजमंदिर चित्रपटगृह आहे. १९७६ मध्ये सुरू झालं, आराखडा वास्तुकार नामजोशींचा. त्या काळी रिळांचे डबे कुठूनही येवोत, प्रोजेक्टरवर चढायचेच. कारण फिल्मची ३५ मिलिमीटर रुंदी आणि कडेची भोकं जगभर ठरलेली होती. आवाजही त्याच पट्टीच्या कडेला छापलेला असायचा.

घरात असा एकच करार नाही. एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या. चित्राची एच.२६४ ही पद्धत २००३ सालची. ती जवळपास सगळ्या टीव्हींना कळते. एच.२६५ आली २०१३ मध्ये. त्यात फाइल बरीच लहान होते, म्हणून नवे फोन आणि कॅमेरे तीच वापरतात. पण ती उलगडणारी चिप जुन्या टीव्हीत नसते, आणि ती नंतर बसवता येत नाही. सिनेमाच्या फाइलला चित्र आहे पण आवाज नाही, हा प्रकारही असाच: त्या आवाजाच्या पद्धतीचा परवाना कंपनीने घेतलेला नसतो.

शिवाय पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही!

मग कास्ट करावं का? करा, पण ऑनलाइन व्हिडिओ कास्ट करताना फोन बहुतेक वेळा फक्त पत्ता सांगतो; व्हिडिओ टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून ओढतो. नेट गेलं की खेळ थांबला. ओटीटी अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेला सिनेमा तर कुलूपबंद असतो. पेन ड्राइव्हवर नेलात तरी उघडणार नाही, वर्गणी संपली की फोनवरही नाही.

तुमचं खरोखर तुमचं असतं ते घरचं चित्रीकरण. त्याची हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेली एमपी४ प्रत काढा, ती टीव्हीला लावा. मूळ फाइल मात्र पुसू नका. प्रत काढताना थोडा तपशील जातोच, तो परत येत नाही. आणि लग्न ठरलं असेल, तर व्हिडिओवाल्याला दोन्ही प्रती आधीच मागून ठेवा.