परदेशातल्या सहेरीला दही कोणते?

रमजानच्या महिन्यात दह्याला घरोघरी मान असतो. पहाटेच्या सहेरीला पोळी-भाकरीबरोबर वाटीभर दही घेतले की दिवस हलका जातो, असे रोजेदार सांगतात. संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानवर दहीवडे, रायता किंवा ताक असते. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीत असो की छत्रपती संभाजीनगरात, दह्यासाठी फार विचार करावा लागत नाही. रात्री दूध कोमट करायचे, चमचाभर विरजण घालायचे, सकाळी दही तयार. घरातले विरजण संपले तर वाटी घेऊन शेजारी जायचे. विरजण मागताना कोणी शेजाऱ्याचा धर्म पाहत नाही.

घरातला मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी गेली की हीच साधी गोष्ट अवघड होते. दुबई, रियाध, लंडन किंवा म्युनिकच्या दुकानात दह्याची अख्खी भिंत उभी असते. कशावर फळाचे चित्र, कशावर ‘लो फॅट’, कशावर ‘प्रोबायोटिक’. मग घरी फोन येतो, ‘अम्मी, पोट ठीक नाही. इथे पन्नास प्रकारचे डबे आहेत, कोणता घेऊ?’ रोजे सुरू असताना पोट बिघडले तर दिवस काढणे कठीण होते. नवख्या मुलुखात डॉक्टरही महाग. त्यामुळे अनेक जण सर्वात महागडी बाटली नाहीतर कॅप्सूलची डबी उचलतात. तेवढे करण्याची गरज बहुतेक वेळा नसते.

देश बदलला की पोटही बदलते

आपल्या आतड्यांत अब्जावधी जिवाणू राहतात. अन्नातला जो चोथा, म्हणजे तंतुमय भाग, आपल्याला पचवता येत नाही, त्यावर हे जिवाणू जगतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडणारी आम्ले तयार करतात. खाणे बदलले की त्यांची वस्तीही बदलते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या ह्मॉंग आणि कारेन समाजातील स्त्रियांच्या आतड्यांतील जिवाणू त्यांनी तपासले. तपासणीत ५०० हून अधिक जणींचा समावेश होता. नव्या देशात गेल्यावर काही महिन्यांतच जिवाणूंची विविधता घटू लागल्याचे दिसले. चोथा पचवणारे काही जिवाणू कमी झाले. परदेशात जन्मलेल्या पुढच्या पिढीत ही घट आणखी जास्त होती. हा अभ्यास मराठी कुटुंबांचा नाही. पण भाकरी, डाळ, पालेभाजी सुटून पाव, चिप्स आणि तयार जेवण सुरू झालेल्या कोणालाही तो विचार करायला लावतो.

घरचे दही आणि परदेशी विद्यार्थी

दह्यातले जिवाणू शोधणारा माणूसही परदेशात शिकणारा विद्यार्थीच होता, ही गंमत फार थोड्यांना माहीत असते. स्टॅमेन ग्रिगोरोव्ह हा बल्गेरियाचा तरुण स्वित्झर्लंडमधील जिनिव्हात वैद्यकाचे शिक्षण घेत होता. १९०५ मध्ये त्याने आपल्या मायदेशाच्या दह्यात तो विशिष्ट जिवाणू शोधला, ज्याच्या नावात आजही ‘बल्गेरिकस’ आहे. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील इल्या मेचनिकोव्ह यांनी आंबवलेल्या दुधाचा आणि दीर्घायुष्याचा संबंध मांडला. रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होते. दह्याने आयुष्य वाढते हा त्यांचा दावा सिद्ध झाला नाही, पण युरोपचे लक्ष दह्याकडे वळले.

सालोनिकाहून स्पेनमध्ये गेलेल्या आयझॅक कारासो यांनी १९१९ मध्ये बार्सिलोनात दही बनवायला सुरुवात केली. ते सुरुवातीला औषधांच्या दुकानांतून विकले जाई. आज जगभर विकला जाणारा ‘डॅनोन’ हा ब्रँड त्यांनी मुलगा डॅनियलच्या लाडक्या नावावरून ठेवला. ‘योगर्ट’ हा शब्दही मूळचा तुर्की. म्हणजे दुकानाच्या त्या भिंतीवरचे दही स्वतःच देशोदेशी फिरून तिथे पोहोचले आहे.

‘प्रोबायोटिक’ हा शब्द शोधू नका

प्रोबायोटिकची व्याख्या जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा आशय आहे. यात तीन अटी आहेत. जिवाणू जिवंत हवा, पुरेसा हवा आणि त्याचा फायदा तपासलेला हवा. एका जातीच्या जिवाणूचा फायदा दुसऱ्याच्या नावावर लावता येत नाही. या काटेकोर अर्थाने घरचे दही ‘प्रोबायोटिक’ ठरेलच असे नाही, कारण त्यात नेमके कोणते जिवाणू किती आहेत हे कोणी मोजलेले नसते. पण ते जिवंत, आंबवलेले अन्न नक्कीच आहे.

युरोपात गेलेल्यांचा इथेच गोंधळ होतो. तिथले नियम आरोग्याच्या दाव्यांबाबत कडक असल्यामुळे बऱ्याच देशांत डब्यावर ‘प्रोबायोटिक’ शब्द दिसतच नाही. म्हणून आत जिवंत जिवाणू नाहीत असे नव्हे. दह्यातले जिवंत जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचायला मदत करतात हा दावा मात्र युरोपीय संघाने मान्य केला आहे. त्यासाठी एका ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. दूध पिल्यावर ज्यांचे पोट फुगते, त्यांना दही का सोसते याचे उत्तर यातच आहे.

तेव्हा डबा उचलल्यावर पुढच्या गोष्टी पाहाव्यात. पहिली, ‘लाइव्ह कल्चर्स’ किंवा ‘लाइव्ह अँड अ‍ॅक्टिव्ह कल्चर्स’ असे लिहिले आहे का. दुसरी, आंबवल्यानंतर उष्णता दिल्याचा उल्लेख असेल तर तो डबा परत ठेवावा, कारण त्यातले जिवाणू मेलेले असतात. तिसरी, साखर. फळांच्या चवीच्या दह्यात ती भरपूर असते. मधुमेह असलेल्यांनी साधे, बिनसाखरेचे दहीच घ्यावे. चौथी, तारीख. दिवस जातील तशी जिवंत जिवाणूंची संख्या घटत जाते, म्हणून ताजा डबा बरा.

पाचवी गोष्ट मुस्लिमांइतकीच शाकाहारी हिंदू आणि जैन कुटुंबांच्याही कामाची आहे. परदेशात काही दह्यांत घट्टपणासाठी जिलेटिन घालतात. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते आणि बऱ्याचदा डुकरापासूनचे असते. गुलाबी स्ट्रॉबेरी दह्यात ‘कार्माइन’ किंवा ‘ई १२०’ असे लिहिले असेल, तर तो लाल रंग किड्यापासून काढलेला असतो. हलाल खाणारा आणि शाकाहारी, दोघांनाही एकच यादी वाचावी लागते. साध्या दह्याच्या डब्यावर फक्त दूध आणि कल्चर एवढेच लिहिले असेल तर दोघांचाही प्रश्न मिटतो.

आखातात लबन, जर्मनीत आयरान

नावांचाही घोळ होतो. सौदी अरेबिया आणि अमिरातीत ‘लबन’ म्हणून मिळते ते आपल्या ताकाच्या जवळचे पेय. घट्ट दह्याला तिथे ‘जबादी’ म्हणतात. लेबनॉनी दुकानात मात्र लबन म्हणजे दहीच. ‘लबने’ आणि ‘ग्रीक योगर्ट’ म्हणजे पाणी काढलेले दही, आपल्या श्रीखंडाच्या चक्क्याचे भाऊबंद. जर्मनीत तुर्की दुकाने मोठ्या संख्येने आहेत. तिथे दह्याच्या बादल्या मिळतात आणि ‘आयरान’ म्हणजे खारे ताकही. केफिर हे पेय जिवाणू आणि यीस्ट दोन्हींनी आंबते, त्यामुळे त्यात अल्कोहोलचा अगदी थोडा अंश येऊ शकतो. ज्यांना तो चालत नाही त्यांनी आधी आलिमांना विचारून घ्यावे.

रमजानमध्ये उमराहला जाणाऱ्यांना मदिनेत एक ओळखीची चव भेटते. मस्जिद-ए-नबवीतील इफ्तारीत खजुरासोबत पाव, दही आणि ‘दुग्गा’ नावाची मसाल्याची पूड असते. ती दह्यात कालवून पावाबरोबर खातात. दह्यात मेतकूट कालवून खाणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको.

एक डबा, महिनाभराचे विरजण

पूर्वी परदेशी जाणारी मंडळी दह्यात बुडवून वाळवलेला रुमाल विरजण म्हणून सोबत नेत, असे घराघरांत सांगितले जाते. आज त्याची गरज नाही. युरोपीय संघात तर बाहेरच्या देशांतून सामानात दूध-दही नेण्यास मनाई आहे. तिथल्या दुकानातला जिवंत कल्चर असलेला साधा दह्याचा डबाच विरजणाचे काम करतो.

एक लिटर दूध उकळून बोट सोसेल इतके, साधारण ४२ अंशांपर्यंत निवू द्यावे. दोन चमचे दही त्यात नीट मिसळावे. थंड देशात भांडे शालीत गुंडाळून किंवा बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवले तर सहा ते आठ तासांत दही लागते. रुंद तोंडाचा थर्मासही चालतो. आखाताच्या उन्हाळ्यात वेळ कमी लागतो, तिथे दही लागताच फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर आंबट होते. पाकिटातले ‘लाँग लाइफ’ दूध आधीच तापवलेले असते, ते फक्त कोमट करायचे. दही सैल लागले तर दोन चमचे दूध पावडर घालावी. बऱ्याच वेळा लावून दह्याची चव किंवा घट्टपणा बदलला की विरजणासाठी नवा डबा आणावा. तरावीहची नमाज आटोपून दूध लावले की सहेरीला दही तयार मिळते. एका खोलीत चौघे राहणाऱ्या कामगारांनाही हे परवडते.

नुसते दही पुरत नाही

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये ३६ निरोगी प्रौढांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर, आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ वाढवत नेले, त्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातील दाह दाखवणारी काही प्रथिने कमी झाली. प्रयोग लहान होता, पण दिशा दाखवणारा आहे.

तरीही बाहेरून आलेल्या जिवाणूंपैकी बहुतेक पाहुणे असतात. ते कायमचे राहत नाहीत. घरच्या जिवाणूंना रोज खायला लागते ते चोथ्याचे अन्न. ज्वारी-बाजरीचे पीठ परदेशातल्या भारतीय दुकानांत मिळते. ते नसेल तर ओट्स, डाळी, राजमा, कांदा, लसूण, केळी आणि खजूर सगळीकडे मिळतात. रमजानमध्ये बद्धकोष्ठ आणि पित्ताचा त्रास होतो तो बऱ्याचदा कमी पाणी, कमी चोथा आणि इफ्तारला एकदम खाल्लेल्या तळणामुळे. त्यावर दह्याची बाटली हा उतारा नाही. इफ्तार ते सहेरी या वेळेत थोडे थोडे पाणी, आणि सहेरीला दह्याबरोबर भाकरी किंवा दलिया, हा जास्त भरवशाचा उपाय.

काही वेळा मात्र थांबू नये. जुलाब थांबत नसतील, शौचातून रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तर डॉक्टर गाठावा. आजारी माणसाला रोजा सोडण्याची सवलत आहे. तो रोजा नंतर पूर्ण करता येतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमकुवत आहे त्यांनी प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तेव्हा परदेशातून पुन्हा फोन आला तर घरच्यांनी एवढेच सांगावे. साधे दही घे, डब्यावरची बारीक अक्षरे वाच, त्यातले दोन चमचे रात्री दुधाला लाव आणि सोबत चोथ्याचे काहीतरी खा. शेजारच्या खोलीत कोणी आपल्याकडचे राहत असेल, मग तो रोजा धरणारा असो वा नसो, त्यालाही वाटीभर विरजण दे.