दगडाची पाती

मुलांनो, आपण सुरीने भाजी चिरतो, विळ्याने पीक कापतो. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी हीच कामे दगडाच्या पात्यांनी होत.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. त्यात घरे, चुली, रांजण सापडले. दगडी पाती तर ढिगाने!

हा दगड आपल्या नेहमीच्या काळ्या दगडासारखा नव्हे. तो गारेच्या जातीचा. काचेसारखा फुटतो आणि धारदार कड देतो. कारागीर आधी दगडाच्या एका बाजूचे छिलके उडवून सरळ कणा तयार करी. मग टोकावर बेताने घाव घातला की कण्याच्या रेषेत लांब, पातळ पाते सुटे. त्या जागी नव्या कडा उरत. त्यांच्या आधाराने पुढची पाती निघत. हात चुकला तर दगड वाया जाई. हे काम अडाण्याचे नव्हे.

अशा पात्याने मांस कापता येई, कातडे सोलता येई. लाकडाच्या खाचेत अनेक पाती ओळीने चिकटवली की जव कापायला विळा तयार! एक पाते तुटले, तर तेवढेच बदलायचे.

या लोकांना तांबे माहीत होते. मग दगड कशाला? तांबे दुरून येई आणि थोडेच मिळे. दगड मात्र नदीच्या पात्रात पडलेला असे.