टफी नसता तर?

मैत्रिणींनो, १९९४चा ‘हम आपके हैं कौन..!’ आठवतोय ना? पूजा जाते. तिच्या बाळासाठी निशा मेहुण्याशी, म्हणजे राजेशशी, लग्नाला तयार होते. तिचा जीव मात्र त्याच्या धाकट्या भावावर, प्रेमवर. पण दोघंही गप्प! शेवटी निशा प्रेमसाठी लिहिलेली चिठ्ठी टफी कुत्र्याजवळ देते. तो ती नेमकी राजेशला नेऊन देतो आणि लग्न थांबतं. माणसांना जे बोलवत नाही, ते प्रेमकथेतला कुत्रा असं पोचवतो.

पडद्यावर हे गोड वाटतं. पण समाजकार्याच्या निमित्ताने लग्नाच्या बैठकांना जाते, तेव्हा आतल्या खोलीत गप्प बसलेली मुलगी दिसते. तिच्याजवळ टफी नसतो हो! तिला काय वाटतं, ते आपणच आधी विचारायला हवं.