अंगावर बसणारे कार्डिगन

कार्डिगन म्हणजे समोरून उघडणारा, बटणांचा, विणलेला स्वेटर. त्याला नाव मिळाले ते सातवे अर्ल ऑफ कार्डिगन, जेम्स ब्रुडनेल यांचे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाने जो आत्मघातकी हल्ला केला, त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्याच युद्धातले ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन यांचे नाव गळ्यापासून बगलेपर्यंत तिरकी शिवण असणाऱ्या बाहीला मिळाले. हे दोन सेनानी इतिहासापेक्षा कपड्यांच्या कपाटात अधिक टिकले.

रोजच्या वापराच्या कार्डिगनला नक्षीकाम लागत नाही. समोरून सुलट आणि मागून उलट अशा साध्या ओळींचे कापड पुरते. ते कडेला गुंडाळते, म्हणून खालच्या काठाला आणि मनगटाला एक सुलट-एक उलट अशी बॉर्डर घालतात. घरोघरी चालत आलेली रीत तुकड्यांची आहे: पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, आणि शेवटी शिवण. विणायला हे सोपेच असते. अवघड असते ते मापात बसवणे, आणि ते पहिला टाका सुईवर घालण्याआधीच ठरलेले असते.

ठरवणारी गोष्ट म्हणजे नमुन्याचा तुकडा. ज्या लोकरीने आणि ज्या सुईने कार्डिगन विणायचे, त्यांनीच साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून त्याच्या मध्यभागी १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजतात. कडेचे टाके फसवे असतात, म्हणून ते मोजत नाहीत. मध्यम जाडीच्या लोकरीला ४ मिलिमीटरच्या सुईवर साधारण २२ टाके येतात. छाती ९० सेंटिमीटर असेल आणि आतल्या कपड्यांसाठी १० सेंटिमीटर सैल ठेवायचे असेल, तर घेर १०० सेंटिमीटर, म्हणजे २२० टाके. आता विणणाऱ्या व्यक्तीचा हात जरा सैल असून तिचे २१ टाकेच येत असतील, तर त्याच २२० टाक्यांचा घेर जवळजवळ १०५ सेंटिमीटर होतो. हात घट्ट असून २३ आले, तर घेर ९६ च्याही किंचित आत येतो. एका टाक्याच्या फरकाने चार-पाच सेंटिमीटर जातात किंवा येतात. तरीही हा तुकडा बहुतेकांना वेळेचा अपव्यय वाटतो.

सुईच्या नंबराचा घोळ त्यात भर घालतो. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकी पद्धतीत जाड. १० नंबरची ब्रिटिश सुई सव्वातीन मिलिमीटरची, तर अमेरिकी १० नंबर सहा मिलिमीटरची. परदेशी पुस्तकातला नमुना आपल्या सुयांवर विणायला घेताना म्हणूनच मिलिमीटर पाहावेत.

घेर एकदा ठरला की बाकीची मापे त्यावरून काढण्याची एक सुटसुटीत युक्ती एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी लोकप्रिय केली. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या या विणकाम-शिक्षिकेचा हिशेब टक्केवारीचा होता. घेराचे टाके शंभर टक्के धरले की मनगट सुमारे २० टक्के, दंडापाशी बाही ३३ टक्के आणि गळा ४० टक्के. २२० टाक्यांना मनगट ४४, दंड ७३, गळा ८८. दुसऱ्याने लिहिलेला नमुना ओळ न ओळ पाळण्याची गरजच उरत नाही. या हिशेबातून बाईंचा विणणारीच्या अकलेवरचा विश्वास दिसतो, आणि तो फार मोलाचा आहे.

पण टक्केवारी सरासरी शरीरावर बेतलेली आहे. छाती मोठी झाली म्हणून खांदे त्याच प्रमाणात रुंदावत नाहीत. ११० सेंटिमीटर छातीला ४० टक्क्यांचा गळा घेतला तर तो खांद्यावरून घसरू शकतो. अशा वेळी एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतची पाठ मोजून त्या मापाने बगल आणि गळा ठरवणे बरे. अंगावर बसणाऱ्या कार्डिगनचा सगळा भार खांद्यावर असतो. तिथे शिवण जागच्या जागी असली, तर कमरेतला थोडा सैलपणा कोणाच्या लक्षातही येत नाही.

यानंतर उरते ती समोरची बटणांची पट्टी, आणि बहुतेक कार्डिगने तिथेच बिघडतात. पहिली चूक रुंदीची. पाठीचे ११० टाके आहेत म्हणून पुढचा प्रत्येक भाग ५५ टाक्यांचा घेतला जातो. पण तीन सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या मधोमध एकमेकींवर येतात, म्हणजे पुढच्या बाजूला एका पट्टीची रुंदी जास्तीची होते. ती सुमारे सात टाके. ते आधीच वजा करून पुढचा प्रत्येक भाग ५१-५२ टाक्यांचा घ्यावा लागतो.

दुसरी चूक पट्टीसाठी पुढच्या भागाच्या कडेवरून टाके उचलण्याची. टाका उंचीपेक्षा रुंद असतो. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके असले, तर ओळी सुमारे ३० असतात. ५० सेंटिमीटर लांबीच्या कडेला त्यामुळे १५० ओळी येतात. प्रत्येक ओळीतून एक टाका उचलला, तर ६८ सेंटिमीटरची पट्टी ५० सेंटिमीटरच्या कडेला लटकते आणि झालर तयार होते. फार कमी उचलले तर कड आखडते आणि कार्डिगन समोरून वर खेचले जाते. चार ओळींतून तीन टाके, म्हणजे इथे ११२ च्या आसपास, हे प्रमाण बहुधा जमते. पट्टी मात्र एक-दोन नंबर बारीक सुईवर विणतात, म्हणजे ती ताठ राहते.

काजे स्त्रियांच्या कार्डिगनला उजव्या पट्टीवर, पुरुषांच्या डाव्या पट्टीवर. दोन टाके एकत्र विणून शेजारी लोकर सुईवरून घेतली की होणारी जाळी लहान बटणाला पुरते. अंतर खालून वर समान वाटण्याऐवजी पहिले बटण छातीच्या सर्वांत रुंद जागी ठरवावे, कारण तोंड उघडते ते तिथेच. बाकीची त्याच्या वर-खाली. निगा लोकरीप्रमाणे बदलते. अॅक्रिलिक लोकर स्वस्त आणि धुवायला सोपी, पण गरम इस्त्री लागली की कापड मऊ पडून लोंबते. खऱ्या लोकरीचे कार्डिगन ओले असताना दोरीवर टांगले तर स्वतःच्या वजनाने लांबते, म्हणून टॉवेलवर सपाट वाळवतात. पट्टी तरीही ओघळत असेल, तर तिच्या आतून सुती फीत शिवतात आणि बटणाच्या मागे एक छोटे, चपटे बटण लावतात, म्हणजे दोऱ्याचा ताण विणीवर येत नाही.