चिकित्सालयातील पाणी, इंधन आणि वनौषधी : एक ताळेबंद

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल या चार भावांच्या विकृतीचे विवेचन आले आहे. हा अध्याय आपण सर्वांनी किमान परीक्षेपुरता तरी पाठ केलेला असतो. तथापि आपल्याच पंचकर्म कक्षातून रोज किती उदक गटारात जाते, हा प्रश्न वैद्यवर्गात क्वचितच विचारला जातो. ज्या जिल्ह्यात पाथर्डी, पारनेरसारख्या तालुक्यांतील गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा प्रश्न केवळ बिलाचा राहत नाही.

त्याचे उत्तर शोधण्याची रीत आपल्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे उपलब्ध आहे. सन १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या अल्पवृष्टीच्या गावाने पाणलोटाची कामे केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते बंधाऱ्यांहून मोलाचा आहे तो तेथील पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढायचे, काही भाग पुढील वर्षासाठी भूगर्भात राखायचा आणि उरलेल्या पाण्यावरून पिके ठरवायची, असा हा क्रम आहे. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस-केळी नाही, हे निर्बंधही त्यातूनच आले. मोजमाप आधी आणि खर्च नंतर, हे त्याचे सार होय.

हाच क्रम चिकित्सालयास लावता येतो. आठ दिवस बादल्या मोजून रुग्णाचे पिण्याचे व औषधकल्पनेचे पाणी, उपकरणशुद्धी, स्नान, वस्त्रप्रक्षालन आणि फरशी यांचा स्वतंत्र हिशोब लिहावा. पंचकर्म केंद्रात स्नान व कपडे यांचा वाटा बहुधा सर्वांत मोठा निघतो, आणि त्याचे कारण पाणी नसून तेल असते. अभ्यंगानंतर अंगावर राहिलेले तेल काढण्यासाठी ऊन पाणी व साबण मुबलक लागतो. मात्र मुगाचे किंवा हरभऱ्याचे पीठ चोळून तेल आधी टिपून घेतल्यास स्नान थोडक्या पाण्यात आटोपते आणि टॉवेलही कमी तेलकट होतात. सांडपाण्याच्या वाटेवर दोन कप्प्यांची लहान टाकी बांधल्यास तरंगणारे तेल पहिल्या कप्प्यात अडते व दुसऱ्यातील पाणी शोषखड्ड्यात सोडता येते. तेल न अडवता सोडल्यास शोषखड्ड्याची छिद्रे बुजतात आणि एक-दोन वर्षांत तो निकामी होतो.

इंधनाचा विचार थोडा विस्ताराने करणे अगत्याचे आहे. शार्ङ्गधरोक्त सामान्य नियमानुसार एक किलो भरडीस सोळा लिटर पाणी घालून अष्टमांश उरवावयाचे झाल्यास १४ लिटर पाण्याची वाफ करावी लागते. साध्या शेगडीवर त्यासाठी सुमारे सव्वा किलो गॅस जळतो. आठपट पाणी घालून चतुर्थांश उरविल्यास काढा तेवढाच, म्हणजे दोन लिटर मिळतो. परंतु वाफ सहाच लिटरांची होते आणि गॅस निम्म्याहूनही कमी लागतो. पोटात द्यावयाच्या क्वाथात शास्त्रोक्त प्रमाण सोडावे, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु स्नेहसिद्धीच्या क्वाथासाठी त्याच ग्रंथात मृदू द्रव्यास चौपट, कठीण द्रव्यास आठपट व अतिकठीण द्रव्यास सोळापट पाणी असा भेद स्पष्ट सांगितला असता, सरसकट सोळापट पाणी ओतणे हे शास्त्र नव्हे, ती केवळ सवय होय. नाडीस्वेदासाठी तर क्वाथ आटविण्याचे प्रयोजनच नाही.

स्नानाच्या पाण्यासाठी सौरबंब आता खेड्यांतूनही दिसतात. सौरशक्तीने वाफही करता येते, हे शिर्डीत सिद्ध झाले आहे. श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात सन २००९ मध्ये ७३ अन्वस्त तबकड्यांची सौर-बाष्प यंत्रणा उभारण्यात आली. हजारो भक्तांच्या भोजनाच्या स्वयंपाकासाठी तिची वाफ योजण्यात आली. एवढा पसारा आपणास परवडणारा नाही. मात्र मोठ्या औषधनिर्माणशाळांनी या यंत्रणेचा अभ्यास अवश्य करावा.

जैववैद्यकीय कचऱ्याबाबत येथे थोडक्यात लिहितो. सन २०१६ चे नियम आयुष चिकित्सालयांनाही लागू आहेत; खाटा नाहीत म्हणून सूट नाही. रक्तमोक्षणातील रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, बस्तीच्या रबरी नळ्या व हातमोजे लाल पिशवीत आणि विद्धकर्माच्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जावयास हव्यात. काढ्याचा चोथा मात्र या कचऱ्यात मुळीच मिसळू नये. त्याचे उत्तम खत होते.

शेवटी द्रव्यांविषयी. गुग्गुळाच्या वृक्षाची गणना आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते आणि अशोकही असुरक्षित मानला गेला आहे. बृहत्पंचमुळांसाठी बेल, टेंटू, पाडळ, शिवण यांची मुळे खणली की बहुधा वृक्षच जातो. ही द्रव्ये आभ्यंतर चिकित्सेत आवश्यक आहेतच. पण रोजच्या स्वेदनाच्या वाफेत दशमूळ उकळण्याची गरज आहे काय? चरकाचार्यांच्या स्वेदोपग गणात शेवगा, एरंड, रुई, पुनर्नवेचे दोन प्रकार, जव, तीळ, कुळीथ, उडीद व बोर ही दहा द्रव्ये आहेत. यांतील बहुतेक आपल्या जिल्ह्याच्या शेताबांधांवर मिळतात आणि त्यांतील पाने किंवा धान्ये घेतली असता वनातील एकही वृक्ष तुटत नाही. त्यांच्या जोडीस निर्गुंडी घ्यावी. तिच्या फांद्या पावसाळ्याच्या आरंभी चिकित्सालयाच्या कुंपणालगत लावल्यास सहज जगतात, पाने वर्षभर मिळतात आणि मोकाट जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत.